वहिनीस, चारचौघांत

सौ. वहिनीस,
शि. सा. नमस्कार.

एका घरात राहून पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. पण तोंडावर आभार मानायला लागलो की तू ‘चहा टाकते’ म्हणून उठतेस. शिवाय ज्यांच्या घरी माझ्यासारखा कुणी आहे, त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला आवाज यायला लागले. दोन पुरुष, एक बाई. मी करेन त्याचं धावतं वर्णन चालायचं. ‘बघा, उठला. बघा, दात घासतोय.’ पुढे शिव्या सुरू झाल्या. आईने गंडा बांधला, औदुंबरला नेलं, ‘बाहेरचं’ काढणाऱ्याकडेही नेलं. तिचा जीव तुटत होता, तिला बोल नाही. दादा म्हणायचा, असं काही नसतं रे, मनाचे खेळ आहेत. पण मला ते त्याच्या बोलण्याइतकेच स्पष्ट ऐकू येत होते. तो समजूत घालायला लागला की मी आणखीच एकटा पडायचो.

तू लग्न होऊन आलीस ती यात. आवाजांनी लगेच तुझ्यावर रोख धरला: ही जेवणात काहीतरी कालवते. मी ताट सरकवलं. तू वाद घातला नाहीस, रडली नाहीस. माझ्याच ताटातला घास आधी स्वतः खाल्लास आणि म्हणालीस, ‘भूक असेल तर जेव आता.’ हे रोज चाललं, पार हळद उतरल्यापासून पावसाळ्यापर्यंत. आणि एकदा सहज विचारलंस, ‘काय म्हणतात रे ते? ओळखीचं कुणी वाटतं का?’ तोवर डॉक्टरांनीसुद्धा मला फक्त ‘आवाज येतात का’ असं विचारलं होतं, रकान्यात हो किंवा नाही लिहिण्यापुरतं.

नंतर वाचलं की नेदरलँड्समध्ये मारियस रोम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाला त्याच्या पेशंटनेच, पॅट्सी हागेने, हा प्रश्न विचारायला भाग पाडलं. १९८७ च्या सुमारास ती दोघं टीव्हीवर बोलली, तेव्हा शेकडो लोकांनी आम्हालाही आवाज येतात म्हणून कळवलं. त्यातल्या बऱ्याच जणांना कधी डॉक्टरची गरजही पडली नव्हती. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. तू आपली विचारलंस.

तू शोधलेल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, आवाज येत असतात तेव्हा मेंदूतली बोलण्याची केंद्रं जागी असल्याचं स्कॅनमध्ये दिसलंय. मनातलं आपलंच बोलणं मेंदू परक्याचं समजत असावा. तू लगेच म्हणालीस, मग तोंड दुसऱ्या बोलण्यात गुंतवलं तर? त्या म्हणाल्या, काहींना गुणगुणण्याने, मोठ्याने वाचण्याने उतार पडतो. तेव्हापासून सकाळचा पेपर मी खड्या आवाजात वाचतो. अग्रलेख आला की ते तिघे हमखास गप्प बसतात. कंटाळत असावेत बिचारे.

मोबाइलची युक्ती मात्र अस्सल तुझी. रस्त्यात त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं तर बंद का असेना, फोन कानाला लावून बोलायचं. आजकाल निम्मा गाव असाच एकटा बोलत चालतो, माझ्याकडे कोण बघतंय! आणि ‘रात्री नऊला या, आत्ता कामात आहे’ असं त्यांना ठणकावणं. आधी हसू आलं होतं. पण नऊच्या वेळेला ते बऱ्याचदा येतच नाहीत.

युक्त्यांनी सगळं भागलं असं लिहिलं तर खोटं होईल. दोन औषधांनी गुण आला नाही, तेव्हा क्लोझापिन सुरू झालं. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घातक कमी होऊ शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. ऑफिसला जायच्या आधी तू मला लॅबमध्ये घेऊन जायचीस. झोपेत लाळ गळायची; उशीवर टॉवेल आपोआप यायला लागला, त्यावर घरात कुणी अक्षर काढलं नाही. मी दहा-दहापर्यंत झोपायचो, आंघोळ टाळायचो. दादा ‘आळशी’ म्हणाला, तेव्हा तू त्याला स्वयंपाकघरात नेऊन काय सांगितलंस ते भिंतीपलीकडून ऐकलंय मी. तो आवाज खरा होता, याची खात्री आहे.

मग पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’. पत्नीचा हाच आजार जवळून पाहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ साली ती सुरू केली. तिथे शुभंकरांमध्ये, म्हणजे पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्यांमध्ये, बसून आल्यावर तू पहिल्यांदा माझ्यासमोर रडलीस. दमलेय रे, म्हणालीस. मला बरं वाटलं, कारण तोवर तू दमतेस हे मला कुणी दिसू दिलं नव्हतं.

आवाज अजून आहेत. प्रेसमध्ये प्रुफं वाचताना कमी, घरी पाहुणे आले की जास्त. ते येणार हे मला माहीत आहे, आणि आल्यावर काय करायचं तेही.

तर या मे महिन्यात माहेरी जा, चांगली पंधरा दिवस राहा. गोळ्यांचा डबा मी भरेन, रक्त द्यायला एकटा जाईन. जायच्या आधी दादाला तेवढा कुकर लावायला शिकव.

तुझा,
धाकटा दीर