विश्रामबागवाडा आणि आपलं घर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, घर पाडायला द्यायचं तुमच्या मनात आहे. माडीची भिंत फुगलीय, तुम्हा दोघांना जिना झेपत नाही, हे मला कळतं. पण होकार कळवण्याआधी एवढं वाचा.

इथे पुण्यात, सदाशिव पेठेतल्या विश्रामबागवाड्यात मी हल्ली वरचेवर जाते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये तो राहण्यासाठी बांधून घेतला आणि १८१८ मध्ये पेशवाईच गेली. पण वाडा ओस पडला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे त्यातूनच डेक्कन कॉलेज उभं राहिलं. १८७९ च्या आगीत पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडा, पार नाहीसा झाला, विश्रामबागवाड्याचाही बराच भाग जळाला. तो लोकांच्या वर्गणीतून पुन्हा उभा केला. नंतर नगरपालिकेची कचेरीही तिथे होती. माझ्या मते वाडा वाचला तो या राबत्यामुळे.

आई, दर्शनी बाजूचा सज्जा तू पाहायलाच हवास. सगळं कोरीव सागवान! आतले सुरूदार खांब खाली घेरदार आणि वर निमुळते होत जातात. त्यांच्यामधल्या महिरपी बघताना मान अवघडते, तरी निघवत नाही.

बाबा, तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. अशा घरांत मजल्यांचा बराचसा भार लाकडी सांगाडा पेलतो. कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत, तुळयांवर, तुळया हस्तांवर, म्हणजे खांबांच्या माथ्यावरच्या लाकडी आधारांवर, हस्त खांबांवर, आणि खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाशी बसवलेल्या दगडावर. तळखड्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहतं. आपल्या ओसरीचे खांबही तसेच आहेत. म्हणून भिंत फुगली एवढ्यावरून घर गेलं असं धरू नका. गळक्या कौलांतून पाणी मुरून तुळयांची टोकं कुजलीत का, खांबांच्या बुडाशी वाळवी आहे का, हे आधी कळायला हवं. आणि ओसरीवर मागे कोणी सिमेंटचा गिलावा केला, तो मला खटकतो. त्याने मातीच्या भिंतीतली ओल आतच कोंडते.

जुन्या वाड्यांची कामं करणाऱ्या एका इंजिनिअरना घेऊन मी दिवाळीआधी येते. तोवर कशावरही सही करू नका. माडीवरचं सामान शेजाऱ्यांकडून खाली उतरवून घ्या, आणि तुम्ही दोघं खालच्या माजघरातच झोपा.

तुमची लेक