बेल्फोर्द रोशोच्या आईला जे करता आलं

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

माझी सगळी नोकरी प्रसूती कक्षात गेली. 'पुढे रेफर केलं' या तीन शब्दांत काय काय दडवता येतं, ते मला ठाऊक आहे. पत्र मात्र ब्राझीलमधल्या एका बाईबद्दल आहे, आणि भारताने अजून न स्वीकारलेल्या एका कराराबद्दल.

अलीनी द सिल्वा पिमेंतेल. कृष्णवर्णीय, वय 28, घरी पाच वर्षांची मुलगी, पोटात सहा महिन्यांचं बाळ. राहायला रिओ दि जानेरो राज्यात, बेल्फोर्द रोशोला. 11 नोव्हेंबर 2002 ला पोटात दुखतं, मळमळतं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. औषध देऊन तिला घरी पाठवलं. दोन दिवसांनी परत आली तेव्हा बाळाचे ठोके लागेनात. कळा आणून मृत बाळ बाहेर काढलं. वारेचे तुकडे आत राहिले होते. ते काढायची शस्त्रक्रिया झाली चौदा तासांनी. वार अर्ध्या तासात पडली नाही तर धावपळ सुरू करायची, हे आमच्याकडे शिकाऊ नर्सलाही पाठ असतं! मग रक्तस्राव, खालावत गेलेली प्रकृती, रुग्णवाहिकेची आठ तास वाट. मोठ्या रुग्णालयात पोहोचली ती केसपेपरांशिवाय. खाट नव्हती, तिला बोळातच ठेवलं. 16 तारखेला ती गेली.

घरच्यांनी 2003 मध्ये तिथल्या न्यायालयात दावा लावला. 2007 उजाडलं तरी निकाल नाही. तेव्हा तिची आई, मारिया द लुर्देस, संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीकडे, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडे, गेली. ब्राझील सरकारचं म्हणणं, हा मातामृत्यू नव्हेच. समितीने ते 2011 मध्ये फेटाळलं. दवाखाना खासगी असला तरी त्यावर देखरेख ठेवणं सरकारचंच काम, असंही बजावलं. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: ती बाई होती, कृष्णवर्णीय होती, गरीब होती, हे तिन्ही एकाच अन्यायात धरलं. मातामृत्यूबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या करार-समितीने सरकारला जबाबदार धरलं, ते या प्रकरणात पहिल्यांदा.

समितीकडे पोलीस नसतात. आईच्या हाती भरपाई पडायला 2014 उजाडलं. 2024 मध्ये तिथल्या सरकारने माता-बाल आरोग्याच्या योजनेला अलीनीचं नाव दिलं आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे मातामृत्यू 2027 पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं. असं वेगळं उद्दिष्ट ठेवावं लागतं, यातच काय ते आलं. तरीही एका आईच्या तक्रारीने एवढं हललं.

ती तक्रार करता आली, कारण सीडॉचा ऐच्छिक पूरक करार ब्राझीलने जून 2002 मध्ये मान्य केला होता. अलीनीच्या मृत्यूच्या जेमतेम पाच महिने आधी. आपण मूळ करार 1993 मध्ये मान्य केला, पूरक करार आजतागायत नाही. म्हणजे गडचिरोलीतल्या एखाद्या आईची लेक अशीच गेली, तर दिल्लीनंतर तिला पुढे हे दार नाही.

आपली न्यायालयं समर्थ आहेत, असं उत्तर आपण द्याल. असतीलही. पण या करारात देशातले उपाय आधी संपवावेच लागतात, किंवा ते अकारण रखडले हे दाखवावं लागतं. न्यायालयं वेळेत न्याय देत असतील, तर भ्यायचं कशाला?

आणखी एक शंका मनात येते. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दरबानला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद भरली, तेव्हा दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न मांडायला गेले होते आणि आपलं सरकार जात म्हणजे वंश नव्हे, असं सांगत बसलं. अलीनीच्या निकालात तिचा वर्ण वाचला गेला, तशी इथल्या एखाद्या बाईची जात वाचली जाईल, याचीच तर धास्ती नाही ना? गंमत म्हणजे अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत, हे कळल्यावर त्याच्या प्रती मागवणारं पत्र 1946 मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना लिहिलं होतं. त्यांना ते दार तेव्हाच दिसलं होतं.

पूरक करारावर सही करणार की नाही, एवढंच संसदेत लेखी सांगा. नाही म्हणणार असाल, तर कारणही लिहा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका