गोवर पोराची वही फाडून जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुलांच्या प्रतिकारशक्तीवर लेख आला आहे. गोवर, कांजिण्या आपोआप होऊन गेल्या तर येते ती प्रतिकारशक्ती पक्की आणि लशीने येते ती कच्ची, असा त्याचा सूर. लेखकाचा हेतू वाईट नसावा. पण मी सदतीस वर्षं आरोग्यसेविका होते. कांजिण्यांचं एक वेळ सोडा, गोवराबद्दल हे वाचून गप्प बसवेना.

1984 सालची गोष्ट. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, पेठ तालुक्यातलं उपकेंद्र. शिमग्याच्या सुमाराला एका पाड्यावर अकरा पोरांना एकदम गोवर निघाला. गोवराची लस तेव्हा सरकारी कार्यक्रमात नव्हतीच, ती 1985 नंतर आली आणि आमच्या डोंगरात पोचायला आणखी वेळ लागला. माझ्या पिशवीत पॅरासिटामॉल, मीठ-साखरेची पाकिटं आणि अ जीवनसत्त्वाची बाटली, एवढंच. एका घरात अडीच वर्षांचा मुलगा होता. डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, अंगावर कानामागून सुरू होऊन पायापर्यंत उतरलेलं पुरळ. घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा. आठवड्याने ताप उतरला. त्याची आजी मला म्हणाली, "बाई, येऊन गेला ते बरं झालं. आता पोराला काही होणार नाही."

श्रावणात तो हगवणीने गेला. मधल्या काळात दोनदा छाती भरली होती. पोळ्यापर्यंत त्या अकरातलं आणखी एक मूल गेलं, तेही हगवणीनेच. मी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'अतिसार' लिहिलं. दोन्ही वेळा. चुकीचं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं, हे कळायला मला पुढची तीस-पस्तीस वर्षं लागली. गोवर येऊन गेलेलं पोर वर्ष-दोन वर्षं किरकिरं राहतं, हे आम्ही सगळ्याच जणी बघायच्या. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे, खायला घाला.

माझी धाकटी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने मला हे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. जंतू आला की शरीर त्याला बघून हत्यार घडवायला बसत नाही. रक्तात आणि गाठींत कोट्यवधी पांढऱ्या पेशी आधीपासून तयार असतात, आणि प्रत्येकीच्या अंगावर एकाच घाटाची किल्ली असते. कोणती किल्ली कुठल्या कुलपाला लागेल ते कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेक पेशी एकही कुलूप न उघडता बेकार मरतात. पायाची ठेच चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ती गाठ म्हणजे या पेशींची चावडी. पहाऱ्यावरची पेशी जंतूचा तुकडा घेऊन तिथे येते, तो सगळ्यांना दाखवते, आणि जिची किल्ली बसते ती एक पेशी दुणावत दुणावत आठवड्याभरात हजारोंनी होते. गाठ सुजते ती त्यामुळे. त्यातल्या काहींपासून अँटिबॉडी निघतात, त्या बाहेर फिरणाऱ्या विषाणूला चिकटतात. विषाणू एकदा आपल्याच पेशीत शिरून बसला की अँटिबॉडीचा इलाज चालत नाही. तिथे टी पेशी लागतात, म्हणजे पांढऱ्या पेशींतलीच एक जात. त्या बिघडलेली पेशी ओळखून तिलाच मारतात. गोवराचं पुरळ म्हणजे हीच मारामारी, कातडीत चाललेली. ज्या मुलांच्या टी पेशीच लुळ्या असतात त्यांना कधी कधी पुरळ न उठता गोवर होतो, आणि तो फार वाईट. 'गोवर बाहेर पडला की सुटलो' असं जुन्या बायका म्हणायच्या, ते काही उगाच नव्हतं.

लढाई संपली की यातल्या बऱ्याच पेशी मरतात, थोड्या आठवण धरून राहतात. ही आठवण किती टिकते? फेरो बेटांवर 1781 नंतर थेट 1846 मध्ये गोवर आला. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने पाहिलं की पासष्ट वर्षांपूर्वी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. म्हणजे गोवर एकदा झाला की जन्मभराची सुटका, हे तुमच्या लेखकाचं म्हणणं बरोबर. त्यांनी सांगितली नाही ती त्याची किंमत.

गोवराचा विषाणू नेमका त्या आठवणीच्या पेशींतच शिरतो. मग शरीर त्याला मारायला निघतं तेव्हा आपल्याच जुन्या पेशी मारतं. त्यांच्या जागी नव्या पेशी येतात, रक्त तपासलं तर आकडा ठीकच दिसतो. पण त्या नव्यांना ओळख असते फक्त गोवराची. हगवण, न्यूमोनिया, आधीचे सर्दी-खोकले यांची पोराने दोन-अडीच वर्षांत जमवलेली नोंदवही फाटते, आणि वहीभर एकच नाव लिहिलेलं राहतं. याचा पहिला सुगावा व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांना 1908 मध्येच लागला होता. क्षयाच्या चाचणीने ज्या मुलांची कातडी फुगायची, म्हणजे ज्यांच्या अंगात क्षयाच्या जंतूची आठवण होती, त्यांचीच गोवराच्या दिवसांत फुगेनाशी झाली. अलीकडे, 2019 मध्ये, नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं, तर इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडीजपैकी 11 ते 73 टक्के गायब होत्या. लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो. लस घेतलेल्या मुलांत अशी पडझड दिसली नाही. ही वही पुन्हा भरायला दोन-तीन वर्षं लागतात. आमच्या पाड्यावरच्या पोराला तेवढी मिळाली नाहीत.

लेखात नऊ महिन्यांच्या डोसाचीही थट्टा आहे, 'एक देऊन भागत नाही म्हणून दुसरा'. नऊ महिनेच का, याला कारण आहे. गर्भात असताना आईच्या अँटिबॉडीज नाळेतून बाळाकडे येतात. ती उसनवारी अंगात आहे तोवर लशीतला विषाणू बाळाच्या पेशींना दिसायच्या आतच गारद होतो. थांबावं तर मधेच गोवर गाठतो. म्हणून नऊ महिने ही मधली वाट. त्या वयात शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी मुलांना ती लागू पडते, उरलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस. गोवंडीत, भिवंडीत आणि आमच्या जिल्ह्यात मालेगावला 2022 च्या अखेरीस गोवराच्या साथीत जे झालं ते लोक विसरले असतील, मी विसरलेले नाही. तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती (निरोप समारंभ कोविडने खाल्ला, तो राहिलाच), तरी शेजारपाजारच्या पोरांची लसीकरणाची कार्डं मागून बघत फिरले. दुसऱ्या डोसाची चौकट रिकामी असलेली किती तरी निघाली. 'पहिल्याला ताप आला म्हणून दुसरा नाही दिला', हे उत्तर तर ठरलेलं. बाळांनो, अंगात काम सुरू झालंय म्हणून तो ताप, पण हे दुपारी दोन वाजता भर उन्हात रडणाऱ्या पोराच्या आईला कसं पटावं? तिथे आशाताईच लागते, पुरवणी नाही.

तेव्हा विनंती एवढीच की या लेखातला गोवराचा भाग दुरुस्त करून, तेवढ्याच मोठ्या अक्षरात पुन्हा छापावा. आणि एक बारीकशी गोष्ट. लेखाबरोबरच्या चित्रात बाळाला गोवर-रुबेलाची सुई डाव्या दंडात देताना दाखवली आहे. डावा दंड बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा. गोवर-रुबेला उजव्या दंडात देतात.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, नाशिक