मेळाव्यालाही वेळ हवा

पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिल २०२५ पर्यंत चालवून निकाल १ मे रोजीच लावण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. एप्रिलच्या उन्हाचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी उरलेल्या पाच दिवसांत उत्तरपत्रिका तपासून प्रगतिपुस्तके भरणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनी बालआनंद मेळावा, हस्तकलेचे प्रदर्शन आणि बक्षीस समारंभ कधी घ्यावेत? वजाबाकीच्या पेपरात अडखळणारी मुलगी मेळाव्यात लिंबू सरबत विकताना सुटे पैसे चोख परत करते, हे शिक्षकांना तिथेच दिसते. २०१० पासून राज्यात लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी अपेक्षित आहेत त्या अशाच निरीक्षणांच्या. परीक्षेआधीचे दोन दिवस वेळापत्रकातच या उपक्रमांसाठी राखून ठेवावेत.

– एक पालक, सातारा