सफरचंदाच्या फुलांवरचा बर्फ आणि आपल्या बातम्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वसंत आला की सफरचंदाच्या फुलांवर काचेसारखा बर्फ चढलेला एखादा फोटो छापून येतो, खाली 'निसर्गाची किमया' वगैरे. अहो, बऱ्याचदा तो बर्फ बागवाल्यानेच रात्रभर जागून, स्प्रिंकलर चालवून मुद्दाम चढवलेला असतो! पाणी गोठताना उष्णता सोडतं, ग्रॅममागे साधारण 80 कॅलरी, आणि तेवढ्यावर कळीचं टेंपरेचर शून्याच्या आसपास टिकतं. पण मध्येच पंप बंद पडला तर सगळं उलटं होतं, ओल्या फुलावरचं पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेतं आणि फूल कोरड्या फुलापेक्षाही जास्त गारठतं, म्हणून ऊन पडल्यावरही बर्फ सुटेपर्यंत पाणी चालूच ठेवावं लागतं. त्या फोटोमागे ही धडधड असते.

दुसरी बातमी असते 'फुलं टिकली, बाग वाचली'. ही तर जास्त फसवी. मी स्वतः अशी फुलं ब्लेडने उभी कापून बघितलीयेत, पाकळ्या पांढऱ्या गुलाबी, एकदम ताज्या, आणि आत बरोबर मधोमध स्त्रीकेसर काळा पडलेला. म्हणजे फूल मेलं, फळ धरणार नाही. घोसातलं मधलं फूल सगळ्यात आधी उमलतं, चांगलं मोठं फळ त्याचंच होतं, आणि थंडीत बहुतेक पहिलं तेच जातं. बाजूच्या फुलांना फळ धरलंच तरी कधीकधी सालीवर खरबरीत तपकिरी पट्टा येतो आणि माल खालच्या ग्रेडला जातो.

आणि नुसतं 'पारा उणे 3 वर' लिहून काय कळणार? कळीची टोकं नुकती हिरवी झालेली असताना उणे 7-8 अंशाला दहातली एखादी कळी मरते. पूर्ण फुलोऱ्यात तेवढंच नुकसान उणे 2.2 ला होतं आणि उणे 3.9 ला दहातली नऊ जातात, तेही अर्ध्या तासात. मध्ये दोन अंशही नाहीत! म्हणून थंडीपेक्षा मला आधीच्या उबेची भीती जास्त वाटते, फ्रान्समध्ये 2021 ला तेच झालं, मार्चअखेर गरम झालं, झाडं लवकर जागी झाली आणि एप्रिलच्या थंडीत द्राक्षांसकट फळबागा होरपळल्या.

तर विनंती एवढीच, बातमीत फुलोरा कुठल्या टप्प्यावर होता, आकाश मोकळं होतं का, वारा पडला होता का, हेही द्या, कारण अशाच रात्री गार हवा पाण्यासारखी उतारावरून येऊन खोलगट भागात साचते आणि एकाच बागेत वरची झाडं वाचतात, खालची जातात. आणि फोटो पहाटे नका काढू, एकदोन दिवसांनी काढा, दहा फुलं कापून आतून काढा.

आपला एक वाचक