शाफ्ट घरात ने

गिरणारे, नाशिक
२० एप्रिल

प्रिय विलास,

फोटो पाहिला. चिपरला, म्हणजे काड्यांची कुट्टी करणाऱ्या यंत्राला, झेंडूचा हार, चाकाशी फोडलेला नारळ, मागे डाळिंबाच्या काड्यांचा ढीग. सटाण्यात सध्या तुझाच रुबाब, कळलं! पण फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. यंत्र बांधावर उभं, ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा शाफ्ट तसाच लोंबतोय आणि मागे दहा पावलांवर डांबरी रस्ता. म्हणून पत्र लिहायला बसलो. फोनवर तू नुसता "हो हो" करतोस.

माझं असंच झालं होतं. गेल्या वर्षी द्राक्षबागेत खरड छाटणी चालू होती, काड्यांचा एक पट्टा कुट्टी करायचा राहिला. दिवेलागणीला ट्रॅक्टर तेवढा घरी आणला आणि चिपर ओळीच्या तोंडाशीच सोडला. उद्या तिथूनच सुरुवात करायची, तर ओढत कशाला आणा? सकाळी लांबून बघितलं, यंत्र जागेवर. जवळ गेलो तेव्हा कळलं. शाफ्ट नाही, पात्यांवरचं झाकण उघडं आणि चारही पाती गायब. बोल्ट मात्र पत्र्याच्या तुकड्यावर ओळीने मांडून ठेवलेले! चोर कुठल्यातरी वर्कशॉपात शिकलेला असणार. आमच्या पोराला अजून एवढी शिस्त नाही.

तक्रार द्यायला गेलो तर पहिलाच प्रश्न, "नंबर काय?" नंबराची पट्टी होती, पण दिवाळीला हौसेने रंग मारताना मीच तिच्यावर ब्रश फिरवलेला. महिनाभराने एका भंगारवाल्याकडे दोन शाफ्ट सापडले. त्यातला एक माझाच होता, त्याचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला तुकडा, मी स्वतः बदलला होता ना. पण सांगून कोण ऐकतो? त्याच्यावर माझं नाव थोडंच होतं. हात हलवत परत आलो.

आता माझ्या यंत्रावर तीन ठिकाणी नाव आहे. वेल्डिंगवाल्याकडून फ्रेमवर, शाफ्टच्या नळीवर आणि हॉपरच्या, म्हणजे काड्या टाकायच्या तोंडाच्या, आतल्या बाजूला, जिथे कुणी रंग मारत नाही तिथे, आद्याक्षरं आणि गाव उठवून घेतलं. शाफ्टवर मात्र टाका बाहेरच्या नळीवरच, तिच्यात सरकणाऱ्या आतल्या नळीवर नको, आणि फार जाडही नको, शाफ्ट थरथरतो. पट्टीचा आणि बिलाचा फोटो बायकोच्या मोबाइलवरही ठेवलाय, माझा मोबाइल विहिरीत पडतो हे तुला माहीतच आहे. काम संपलं की शाफ्ट आणि टॉप लिंक (यंत्र ट्रॅक्टरला वरून जोडणारा दांडा) काढून घरात. जड आहे, कंटाळा येतो, तरीही. शेडमध्ये काँक्रीटात लोखंडी कडी पुरली आणि साखळी फ्रेममधून ओवली. बारीक साखळीच्या नादी लागू नकोस, कटर तिला मेथीच्या जुडीसारखी कापतो. विम्याच्या कागदात ट्रॅक्टरबरोबर चिपरचं नाव लिहिलंय का, तेही एकदा बघ. आणि रात्री कुत्रं भुंकलं म्हणून एकटा काठी घेऊन पळू नकोस. ११२ लाव, शेजाऱ्यांना हाक मार.

चोरानंतर दुसरा शत्रू आपण स्वतःच. नवीन पाती बसवली आणि आठवड्यात पुन्हा बोथट झाली. दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एका पात्यावर नखाएवढा खळगा दिसला. मांडवाच्या तारेचा तुकडा! द्राक्षाच्या काडीला तार आणि सुतळी चिकटून येतेच. शिवाय आमचे गडी काड्या दाताळ्याने ओढून गोळा करायचे, त्यात माती आणि खडे. आता काड्या हाताने उचलायच्या, बुडखा झटकायचा, मगच आत. पाती दुपटीने टिकतात.

धार गेली की कुट्टी स्वच्छ तुटत नाही, सुतळीसारखे धागे निघतात आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकतो. तेव्हा जोर लावू नकोस, पाती उतरव. पहिल्यांदा मी ग्राइंडरवाल्याकडे दिली, त्याने एका दमात घासून कडा निळ्या केल्या. पात्यांचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, दोन दिवसांत गुळगुळीत. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. धार लावल्यावर समोरासमोरची पाती काट्यावर तोलून बघ. मी किराणा दुकानात नेतो, दुकानदार हसतो, हसू दे. वजनात फरक राहिला तर पाती बसवलेला ड्रम थरथरतो आणि बेअरिंगचा बळी जातो. पाती आणि समोरच्या स्थिर पात्यातली फट पुस्तिकेत दिलीय तेवढीच ठेव. बोल्ट तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळ.

शाफ्टच्या क्रॉसला आठ तासांनी ग्रीस. बेअरिंगला मात्र हावरटासारखं भरू नकोस, सील फुटतं. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा शाफ्ट फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, त्याच्या पुढे नको.

तुझ्यासाठी एक वेगळी गोष्ट. तेल्या रोग लागलेल्या डाळिंबाच्या झाडांच्या काड्या चिपरमध्ये घालू नकोस. ती कुट्टी बागेत पसरलीस तर रोग स्वतःच्या हाताने पेरशील. त्या काड्या बागेबाहेर नेऊन नष्ट कर. डाळिंबाचे काटे हॉपरमध्ये अडकतात, तेव्हा हात घालायचा मोह होतो. पीटीओ बंद केला तरी ड्रम बराच वेळ फिरत राहतो, विलास. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, ड्रम थांबल्याचं डोळ्यांनी बघायचं आणि मगच झाकण. गळ्यातलं उपरणं आधी घरी ठेव, रुबाब फोटोपुरता पुरे.

वहिनींना नमस्कार. मे महिन्यात आलास की माझी शेड बघून जा, कडी कशी पुरली ते दाखवतो.

तुझाच,
भाऊ

ता. क. तुझ्या चिपरचा नंबर आजच लिहून पाठव. माझ्या वहीत टिपून ठेवतो, तुझ्या घरात तो कागद सापडायचा नाही.