मोबाइल हिसकावून व्यसन सुटत नाही

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली, ते बरेच झाले. पण रात्र रात्र फुकटचा गेम खेळत बसणाऱ्या नववीतल्या मुलाला त्या कायद्याचा काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे. (सुट्टीत चार तास खेळणारा प्रत्येक मुलगा रुग्ण नव्हे, हेही घाबरलेल्या पालकांनी ध्यानात घ्यावे.)

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी २०१४ पासून 'शट' क्लिनिक चालते. आपल्याकडे मात्र समुपदेशकाकडे जायचे म्हटले की 'लोक काय म्हणतील' आडवे येते. मग वायफाय बंद, मोबाइल कपाटात आणि घरात आदळआपट. समुपदेशनात मुलाची झोप, परीक्षेची धास्ती, एकटेपणा यांचीही विचारपूस होते. आईवडिलांनाही समोर बसवतात. शाळांनी निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सूचना फलकावर लावावा. तिथे मराठीतून बोलता येते.

– एक शिक्षिका, सांगली